इंग्रजीतील अनुज्ञायाचना : मराठी भाषकाच्या दृष्टीने

१

'मे आय कम इन, सर?' हे वाक्य मराठी मुलाला इंग्रजीचे व्याकरण कळू लागण्यापूर्वीच पाठ झालेले असते. त्याचा पदच्छेद त्याला करता येत नाही, आणि त्याची त्याला गरजही भासत नाही. वर्गाच्या दाराशी उभे राहून म्हणावयाचा तो एक मंत्रच असतो. पुढे त्याचे इंग्रजी वाढते, त्याचा शब्दसंग्रह समृद्ध होतो, कदाचित तो त्या भाषेत प्रबंधही लिहितो. परंतु परवानगी मागण्याचा प्रसंग आला म्हणजे पुष्कळदा त्याच्यापाशी दोनच साधने उरतात. एक हे लहानपणचे वाक्य, आणि दुसरे 'प्लीज' हा शब्द. परदेशी विद्यापीठातील मार्गदर्शकाकडे मुदतवाढ मागावयाची असो, सभेत मध्येच बोलण्याची अनुमती घ्यावयाची असो, की एखाद्या ग्रंथपालाकडून दुर्मिळ हस्तलिखिताचे छायाचित्र घेण्याची मोकळीक मिळवावयाची असो, एवढ्या भांडवलावर त्याचे काम भागत नाही.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. व्याकरणातील चूक ऐकणारा सहज क्षमा करतो, कारण ती परभाषकाची चूक आहे हे त्याला ओळखता येते. विनयातील चुकीचे तसे नाही. वाक्य शुद्ध असते, उच्चारही बरे असतात. त्यामुळे ऐकणारा ती चूक भाषेच्या खाती न टाकता बोलणाऱ्याच्या स्वभावाच्या खाती टाकतो. मनुष्य उद्धट आहे, आग्रही आहे, अथवा उलटपक्षी लाचार आहे, असा त्याचा ग्रह होतो. आणि तो ग्रह का झाला हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या प्रकारच्या अपयशाची मीमांसा केली असून व्याकरणदोषाहून हा दोष अधिक घातक का ठरतो, हे दाखविले आहे.

प्रस्तुत लेखात इंग्रजीतील अनुज्ञायाचनेच्या प्रमुख रचनांचा मराठीच्या संदर्भात विचार करावयाचा आहे. मराठीत आदर मुख्यतः व्यक्तीकडे वळतो, तर इंग्रजीत विनय मुख्यतः मागणीच्या घडणीत सामावलेला असतो. त्यामुळे मराठी विद्यार्थी इंग्रजीत विनय भलत्या ठिकाणी शोधतो. तथापि ज्या साधनांनी इंग्रजी हे काम करते ती साधने मराठीत नाहीत असे मात्र नव्हे. ती आहेत, नित्याच्या वापरात आहेत. केवळ आपले लक्ष त्यांच्याकडे गेलेले नाही.

२

प्रथम अनुज्ञायाचना म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. 'पुस्तक द्या' ही विनंती होय. तीत कृती ऐकणाऱ्याने करावयाची असते. 'पुस्तक नेऊ का?' ही अनुज्ञायाचना होय. तीत कृती बोलणाऱ्याची असते, पण तिच्यावरील अधिकार ऐकणाऱ्याचा असतो. परवानगी मागणे ह्याचाच अर्थ तो अधिकार मान्य करणे असा होतो. म्हणून वरवर पाहता अनुज्ञायाचना ही स्वभावतःच विनम्र वाटते. परंतु तीत एक दडपणही असते. मागितले म्हणजे उत्तर द्यावे लागते, आणि नकार देणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. सौजन्याच्या रचना जन्माला येतात त्या ह्या अवघडलेपणाचा भार हलका करण्यासाठी.

रॉबिन लेकॉफ यांनी १९७३ मध्ये सौजन्याचे तीन नियम सांगितले : दुसऱ्यावर लादू नये, त्याला पर्याय ठेवावा, आणि त्याला बरे वाटेल असे करावे. अनुज्ञायाचनेच्या दृष्टीने ह्यांतील दुसरा नियम सर्वांत महत्त्वाचा होय. पुढे पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी, अर्व्हिंग गॉफमन यांची सामाजिक प्रतिष्ठेची कल्पना आधाराला घेऊन, १९७८ मध्ये एक विस्तृत उपपत्ती मांडली. ती १९८७ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या विवेचनात इंग्रजीबरोबर तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल ह्या भाषांचा आधार घेतलेला आहे. त्यांच्या मते किती विनय आवश्यक हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : दोघांतील परकेपणा, दोघांतील अधिकाराचे अंतर, आणि मागणीचा त्या समाजात मानला जाणारा भार. ह्या तीन मापांतील तिसरे माप आपले विद्यार्थी बहुधा विसरतात. 'समोरचा कोण' ह्याचा ते विचार करतात. 'मी मागतो ते किती' ह्याचा करीत नाहीत.

३

आता इंग्रजीची साधने पाहू. त्यांत 'मे', 'कॅन', 'कुड' आणि 'माइट' ही साहाय्यक क्रियापदे प्रमुख होत.

'मे' आणि 'कॅन' ह्या दोहोंचाही मूळ अर्थ परवानगीचा नाही. प्राचीन इंग्रजीत 'मे'चा पूर्वज सामर्थ्याचा वाचक होता, तर 'कॅन'चा पूर्वज ज्ञानाचा. 'माझ्यात बळ आहे' येथून 'मला मोकळीक आहे' इथपर्यंत 'मे' आधी पोहोचले. 'कॅन' त्याच वाटेने मागाहून आले. मागाहून आल्यामुळेच शाळामास्तरांचा त्याच्यावर दीर्घकाळ रोष राहिला. 'कॅन आय गो आऊट?' असे विचारणाऱ्या मुलाला 'जाता येते की नाही हे मला काय ठाऊक?' अशा अर्थाचे खोचक उत्तर देणारा शिक्षक इंग्रजीभाषक देशांत एके काळी सर्वत्र आढळे. हा भेद आपल्याकडील पाठ्यपुस्तकांनी जसाच्या तसा उचलला, आणि 'मे' म्हणजे सभ्य व 'कॅन' म्हणजे असभ्य, असे समीकरण रूढ झाले.

वस्तुस्थिती मात्र पालटली आहे. १९६१ आणि १९९१ ह्या वर्षांतील लिखित ब्रिटिश इंग्रजीच्या, प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांच्या दोन संचांची तुलना जेफ्री लीच व त्यांचे सहकारी यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात केली आहे. तीत 'मे'चे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी, आणि 'शॅल'चे ४० टक्क्यांहून अधिक घटलेले दिसते. हे आकडे सर्व अर्थांचे मिळून आहेत, केवळ परवानगीच्या अर्थाचे नव्हेत. तरीही त्यांवरून वाऱ्याची दिशा कळते. आज परवानगी मागताना 'मे आय' हे औपचारिक, काहीसे जपून वापरलेले रूप आहे. 'कॅन आय' हे परिचितांतील, हलक्या मागणीचे रूप आहे. आणि ह्या दोहोंच्या मधला विस्तीर्ण प्रदेश 'कुड आय'ने व्यापलेला आहे. 'माइट आय' आता क्वचितच कानी पडते, आणि पडले तर थोडे जुन्या वळणाचे वाटते.

येथे एक विषमता लक्षात ठेवली पाहिजे. प्रश्न 'कुड आय?' असा असला, तरी उत्तर 'यस, यू कुड' असे नसते. ते 'यस, यू कॅन' किंवा नुसते 'यस, ऑफ कोर्स' असे असते. मागणारा मागे सरकतो. देणाऱ्याला मागे सरकण्याचे कारण नसते. किंबहुना देणाऱ्याने 'कुड' म्हटले तर परवानगीच्या जागी केवळ शक्यता सुचविल्यासारखे होऊन मागणारा घोटाळ्यात पडेल. ह्यावरून 'कुड'चे खरे कार्य ध्यानात येते. ते आदरार्थी रूप नव्हे. आदरार्थी असते, तर वडीलधाऱ्याला परवानगी देतानाही ते वापरावे लागले असते. ते दूरत्व दाखविणारे रूप आहे.

४

मराठीत परवानगी मागण्यासाठी एक स्वतंत्र व सुटसुटीत रूप आहे : 'येऊ का?', 'बसू का?', 'नेऊ का?' परंपरागत व्याकरणात हे आज्ञार्थाचे प्रथमपुरुषी रूप मानले जाते. इंग्रजीत असे क्रियारूप नाही. तेथे साहाय्यक क्रियापदाची निवड करावी लागते, आणि विद्यार्थ्याची अडचण येथेच सुरू होते. कारण मराठीचे हे एक रूप इंग्रजीतील निदान तीन रूपांचे काम करते.

'मी खिडकी उघडू का?' हे वाक्य घ्या. वक्त्याला स्वतःला उकडत असेल तर ही अनुज्ञायाचना आहे. इंग्रजीत 'कुड आय ओपन द विंडो?' पाहुण्याला उकडत आहे असे पाहून यजमानाने हेच वाक्य उच्चारले तर ती सेवेची तयारी आहे. इंग्रजीत 'शॅल आय ओपन द विंडो?' आणि 'उघडू का तशीच ठेवू?' असा सल्ला विचारला असेल तर ते 'शुड आय' होय. मराठी श्रोता प्रसंगावरून भेद करतो. इंग्रजीत तो क्रियापदानेच करावा लागतो. हा भेद आपल्या व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. पाणिनीने लिङ् लकाराचे अर्थ सांगताना संप्रश्न आणि प्रार्थना ह्यांचा पृथक् निर्देश केला आहे. 'हे करू की ते करू' अशी निर्णयासाठी केलेली विचारणा निराळी आणि मागणे निराळे, हे त्याने हेरले होते. मराठीने दोहोंना एकच रूप दिले. इंग्रजीने त्यांना निरनिराळी दिली.

ह्या एकरूपतेमुळेच आपला विद्यार्थी निरोप घेताना 'शॅल आय गो, सर?' असे म्हणतो. त्याच्या मनात 'जाऊ का?' असते. ब्रिटिश श्रोत्याला मात्र 'मी जावे असे आपणांस वाटते काय?' असे ऐकू येते; एखाद्याला तर आपण कंटाळलो आहोत असे ह्याला वाटले की काय, अशीही शंका येते. मराठीतील 'येऊ का?' हे निरोपाचे वाक्य तर परवानगीही मागत नाही. ते केवळ सौजन्याचे आहे. इंग्रजीत तेथे परवानगीची रचना वापरावयाचीच नसते. 'आय शुड बी गोइंग' असे विधान करावयाचे असते.

५

'कुड' हे 'कॅन'चे भूतकाळी रूप आहे. वर्तमानातील मागणीसाठी भूतकाळ का? ऑटो येस्पर्सन यांनी भूतकाळी रूपांच्या ह्या प्रकारच्या वापराला कल्पनात्मक म्हटले आहे. जे प्रत्यक्षात नाही, जे केवळ कल्पिले आहे, ते सांगण्यासाठी इंग्रजी भूतकाळाचे रूप योजते. काळाचे अंतर हे वास्तवापासूनचे अंतर बनते, आणि पुढे तेच श्रोत्यापासूनचे आदबशीर अंतर बनते. मागणी 'आता, येथे, माझी' अशी न राहता थोडी दूर ठेवली जाते, आणि तिला दूर ठेवल्याने ती नाकारणेही सोपे होते.

विद्यार्थ्यांना ही गोष्ट विलक्षण वाटते. वस्तुतः तीत त्यांना अपरिचित असे काहीच नाही. कार्यालयात शिरलेला मराठी मनुष्य काय म्हणतो? 'साहेब, एक विचारायचे होते.' त्याला विचारावयाचे आहे ते ह्या क्षणी. पण तो 'आहे' म्हणत नाही, 'होते' म्हणतो. 'आपल्याकडे एक काम होते', 'मी जरा भेटायला आलो होतो', 'एक विनंती होती', ही सारी वाक्ये वर्तमानातील हेतू भूतकाळात सांगतात. 'काम आहे' आणि 'काम होते' ह्यांतील फरक कोणत्याही मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. 'आय वॉज वंडरिंग इफ आय कुड' ही लांबलचक इंग्रजी रचना ह्याच जातीची आहे. तीत भूतकाळ आहे, अपूर्ण क्रिया आहे, आणि प्रश्न थेट न विचारता मनातील विचार म्हणून सांगितला आहे. तीन पावले मागे घेऊन केलेली ही मागणी होय.

दुसरे साधर्म्य तर याहूनही उद्बोधक आहे. 'वुड इट बी ऑल राइट इफ आय ओपन्ड द विंडो?' ह्यातील 'ओपन्ड' हे भूतकाळी रूप पाहून विद्यार्थी अडखळतो. आता मराठी वाक्य पाहा : 'मी खिडकी उघडली तर चालेल का?' येथेही 'उघडली' हे भूतकाळीच रूप आहे. खिडकी अद्याप बंद आहे, तरीही आपण 'उघडली' म्हणतो, आणि 'तर' ह्या शब्दाने ती क्रिया कल्पनेत ठेवतो. दोन्ही भाषांनी एकच युक्ती योजिली आहे. 'उघडू का?' ह्यापेक्षा 'उघडली तर चालेल का?' हे अधिक आदबशीर आहे हे आपल्याला उपजत कळते. कारण पहिल्यात कृती उंबरठ्याशी येऊन उभी असते, तर दुसऱ्यात ती अजून विचाराधीन असते.

६

'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' ह्या रचनेने अनेकांची फजिती होते. प्रश्न परवानगीचा आहे असे जाणून परभाषक उदारपणे 'यस' म्हणतो, आणि विचारणारा अवघडून उभाच राहतो. चुकीचे मूळ भाषांतरात आहे. 'माइंड'चे भाषांतर मनातल्या मनात 'चालेल का' असे केले की उत्तर उलटे पडते. तेच 'आपली काही हरकत आहे का?' असे केले, की 'नाही, नाही, बसा ना' हे उत्तर आपोआप सुचते. 'नो, नॉट अॅट ऑल' हे त्याचेच इंग्रजी रूप होय. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना शब्दास शब्द ठेवण्याची शिस्त लागली, आणि तिचे मोल कमी नाही. मात्र प्रतिशब्द निवडताना शब्दाकडे न पाहता उत्तराकडे पाहावे, हे पथ्य येथे पाळावे लागते.

आणखी एक तपशील असा की 'डू यू माइंड'नंतर 'इफ आय ओपन' असे वर्तमानरूप येते, तर 'वुड यू माइंड'नंतर काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत 'इफ आय ओपन्ड' असे भूतरूप येते.

परवानगी मागण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व नकार ओळखण्याला आहे. मराठीत 'बघू', 'पाहू या', 'आता राहू द्या' ह्या उत्तरांचा अर्थ बहुधा 'नाही' असाच असतो, आणि मराठी माणसाला तो कळतो. इंग्रजी नकारही असाच वेष पालटून येतो. 'आय वुड रादर यू डिडन्ट' ह्या वाक्याचा शब्दशः अर्थ 'आपण तसे न केल्यास मला अधिक आवडेल' असा होतो. विद्यार्थ्याला ती केवळ आवड वाटते. वस्तुतः तो स्पष्ट नकार आहे. 'आय अॅम अफ्रेड' ह्या शब्दांनी सुरू होणाऱ्या उत्तरात भीती नसून नकार असतो. हे न कळल्यामुळे जो पुन्हा मागतो तो आग्रही ठरतो, आणि त्याला वाटत असते की आपल्याला अजून उत्तरच मिळालेले नाही.

७

आता आदराच्या स्थानाचा मूळ प्रश्न घेऊ. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशी श्रेणी आहे; क्रियापद तिला अनुसरते; नावापुढे 'राव', 'पंत', 'ताई', 'साहेब' येतात. रॉजर ब्राउन आणि अॅल्बर्ट गिलमन यांनी १९६० मधील आपल्या निबंधात युरोपीय भाषांतील अशाच सर्वनामभेदाचा विचार अधिकार आणि जवळीक ह्या दोन अक्षांवर केला. इंग्रजीतही एके काळी 'दाऊ' आणि 'यू' असा भेद होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण इंग्रजीच्या नित्य व्यवहारातून तो बहुतांशी लोपला. तो काही बोलींत, प्रार्थनेत आणि काव्यात तेवढा उरला. आज राजाला आणि रस्त्यावरील अनोळखी मुलाला एकच 'यू' लागते.

म्हणून 'आपण'ची जागा इंग्रजीत कशाने भरावी, हा मराठी मनाला पडणारा स्वाभाविक प्रश्न होय. विद्यार्थी ती 'सर'ने भरतो, आणि एका वाक्यात दोनदा भरतो. अथवा 'प्लीज' व 'काइंडली' ह्यांनी भरतो. परंतु 'गिव्ह मी टू डेज मोअर, प्लीज, सर' ह्या वाक्यात दोन आदरवाचक शब्द असूनही ते आज्ञाच राहते. त्यात श्रोत्याला 'नाही' म्हणण्यास जागा नाही. उलट 'कुड आय हॅव अनदर टू डेज?' ह्यात एकही आदरवाचक शब्द नाही, तरी ते सभ्य आहे. हेही पाहण्यासारखे आहे की पहिले वाक्य 'तुम्ही द्या' असे सांगते, तर दुसरे 'मला मिळेल का?' असे विचारते. आपणही 'सुट्टी द्या' ह्यापेक्षा 'सुट्टी मिळेल का?' हेच योग्य मानतो.

'काइंडली'ची गोष्ट निराळी आहे. 'काइंडली ग्रँट मी लीव्ह', 'आय बेग टू स्टेट' ही वळणे ब्रिटिश अमदानीतील कचेरीच्या पत्रव्यवहारातून आपल्या अर्जांत आली आणि येथे स्थिरावली. भारतीय इंग्रजीत ती सभ्यच होत, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. परंतु आजच्या ब्रिटिश वाचकाला 'काइंडली' हे सूचनाफलकावरील दटावणीसारखे भासू शकते, आणि 'बेग' लाचारीचे. तेथे पत्र जाणार असेल, तर 'आय वुड बी ग्रेटफुल इफ आय कुड' ही रचना अधिक सुरक्षित होय.

अतिविनयही टाळला पाहिजे. शेजारी बसलेल्या वर्गमित्राकडे पेन मागताना 'आय वॉज वंडरिंग इफ आय माइट पॉसिब्ली' असे म्हटले, तर तो थट्टा समजेल. पेनला 'कॅन आय बॉरो' पुरते. पुस्तक रात्रभर घरी न्यावयाचे असल्यास 'कुड आय'. मुदतीनंतर प्रबंधाचे प्रकरण द्यावयाचे असल्यास 'वुड इट बी ऑल राइट इफ' किंवा 'आय वॉज वंडरिंग इफ', आणि त्यासोबत थोडक्यात कारण. भार वाढला की वाक्य लांबते. 'टेक' आणि 'बॉरो' ह्यांतील भेदही ह्याच ठिकाणी शिकवावा. कारण 'नेऊ का?' ह्याचे 'कॅन आय टेक?' असे भाषांतर केल्यास वस्तू परत येणार नाही असा अर्थ निघू शकतो.

८

ह्या विवेचनावरून अध्यापनासंबंधी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आजवर आपण ह्या रचना यादीच्या रूपाने शिकवीत आलो : हे अधिक सभ्य, हे कमी सभ्य. यादी पाठ होते. पण कोणत्या प्रसंगी कोणती रचना हा निर्णय तिने होत नाही. त्याऐवजी प्रथम मराठीच घ्यावी. 'नेऊ का?', 'नेले तर चालेल का?', 'हरकत नसेल तर नेईन म्हणतो', 'एक विचारायचे होते, ते पुस्तक दोन दिवस मिळू शकेल का?' ही वाक्ये फळ्यावर लिहून कोणाकडे, कशासाठी, कोणते म्हणाल, असे विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तरे ते अचूक देतील, कारण ही श्रेणी त्यांनी घरी आणि गल्लीत आत्मसात केलेली आहे. मग तीच वाक्ये इंग्रजीत न्यावी. त्यानंतर 'शॅल आय'चा भेद स्वतंत्रपणे घ्यावा, कारण तेथे मराठी साहाय्य करीत नाही, उलट चकविते. शेवटी उत्तरे, आणि विशेषतः नकार, ह्यांचा सराव द्यावा. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रश्न पुष्कळ असतात, नकार जवळजवळ नसतात.

वर्गाच्या दाराशी म्हटले जाणारे ते जुने वाक्य बदलण्याची आवश्यकता नाही. ते शुद्ध आहे, आणि आपल्या शाळांच्या रीतीला धरून आहे. ते म्हणणाऱ्याला एवढेच कळावयास हवे की त्यातील विनय 'सर'मध्ये नसून ते प्रश्नार्थक आहे ह्यात आहे, आणि त्या प्रश्नाला 'नो' असेही उत्तर येऊ शकते.